स्वयंपाकघरातला माठ

फणसवाडी, जानेवारी १९५७. मंगळवार, संध्याकाळ.

दादरच्या डॉक्टरीणबाईंनी आज तपासलं आणि म्हणाल्या, "शरीरात दोष नाही. पण नवरा जवळ येताना दुखतं, ते खरंच दुखतं." लग्नाला दोन वर्षं झाली, पण माझं दुखणं खरं आहे असं कुणीतरी पहिल्यांदाच म्हटलं. वाटलं, आता औषध देतील. तर बाई प्रश्नच विचारत बसल्या. निजता कुठे? स्वयंपाकघरात, आमच्या चाळीत नव्या जोडप्याला तेच देतात. आतून कडी लावता? कशी लावणार? पाण्याचा माठ तिथेच. कुणाला तहान लागली तर?

"म्हणजे तुमचा एक कान सतत दाराकडे!" मग मला मूठ घट्ट आवळायला लावली आणि सावकाश सोडायला. "भीतीनं अंग असंच आवळतं. तुम्ही मुद्दाम करत नाही." सध्या नुसतं शेजारी पडायचं, श्वास सैल सोडायचा, बाकी काही नाही. पुढच्या वेळी यांनाही बोलावलंय.

भीती अशी अंगात जाऊन बसते? ट्राममध्ये सारखी मूठ आवळून सोडून बघत होते. गंमतच वाटली.

हे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून आले, घसा बसलेला. पोळ्या लाटता लाटता हळूच सगळं सांगितलं. हे उठले, माठ उचलला आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. तिथे सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. आता विचारणार, कशाला हलवला? माझी मूठ आपोआप आवळली.

त्यांनी एकदा माठाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "राहू दे तिथेच. माझ्या वेळी कुणी हलवला नव्हता."