उदबत्तीचा दोष

५ डिसेंबर
आज फ्लाइंग क्लबात मिस्त्री म्हणून रुजू झालो. धायरीत खोली मिळाली, खिडकीतून डोंगर दिसतो. पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी, भैरोबाची कृपा. माझ्याकडे दुरुस्तीला एक चार आसनी विमान आहे. तक्रार साधी: हीटर लावला की केबिनमध्ये कोंदतं. इंजिनाचा धूर नेणाऱ्या नळीभोवती पत्र्याचं आवरण असतं, तिथे तापलेली हवा आत येते. नळी थंड झाल्यावर उघडून तपासली. कुठेही तडा नाही. माझ्याआधीचे मिस्त्री सोनबा गेल्या हिवाळ्यात याच विमानात बसल्या जागी गेले. हृदयविकार, असं सगळे म्हणाले. त्यांच्या नावानं आत उदबत्ती लावली. रोज लावीन.

९ डिसेंबर
डोकं जड आहे. रविवारचा उपवास बाधला असावा. केबिनमध्ये चिकटवलेल्या कार्डावरचा नारिंगी ठिपका विषारी वायूनं काळा पडतो, तो काळवंडलाय. उदबत्तीच्या धुरानं असेल म्हणून नवा लावला. ऑफिसातल्या शर्मिलाताईंनी विचारलं, विमानांचं हँगर चालवताय की देऊळ? वर म्हणाल्या, गाल बघा कसे लाल झालेत, पुण्याचं पाणी मानवलं हो तुम्हाला. शिकाऊ वैमानिक दीक्षा हसली. मला काका म्हणते. चौदाला ती याच विमानातून पहिल्यांदा एकटी उडणार.

१२ डिसेंबर
फार थकवा. दारं लावून, इंजिन चालू ठेवून हीटर तपासत बसतो. मागच्या सीटवर कोणी श्वास घेतं. वळलं की कोणी नाही. वॉचमन बजरंग सांगत होता, सोनबाही आत रोज उदबत्ती लावायचे. गेले तेव्हा चेहरा लालबुंद होता, गुलाल उधळलेल्या नवरदेवासारखा.

१३ डिसेंबर
उदबत्ती लावली नाही. ठिपका तरी काळा. धुराचा वास आला — इतके दिवस उदबत्तीनं झाकला होता. तडा नळी तापल्यावरच उघडत असणार. थंड नळीत मी काय शोधत होतो! उद्याचं उड्डाण थांबवा म्हटलं. शर्मिलाताई म्हणाल्या, या ठिपक्यावर क्लबचे साहेब ऐकायचे नाहीत, म्हणतील उदबत्तीनं काळा झाला; नव्या ठिपक्याचा पुरावा आणा.

१४ डिसेंबर, सकाळी ९.२०
विमानात शेवटची चाचणी, दारं बंद, इंजिन आणि हीटर चालू. नवा ठिपका. बाहेरच्या हवेची झडप उघडी ठेवलीय.

९.३५
काळा. पुरावा मिळाला. उतरायचं — झडपेत चिंधी कोंबलेली. मी नाही कोंबली. मी —

सोनबा शेजारी बसलेत. लाल. म्हणतात, दमलास, टेक जरा.

दाराची कडी कुठे

दीक्षा येतेय. हात हलवते. तिला वाटतं मी बसून लिहितोय. दार बाहेरून उघड, आत येऊ नको, एवढंच तिला सांगायचंय. मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावतो — दीक्षा, दार उघडू नको, आत ये