आठ सिलिंडरांची प्रदक्षिणा

टूनगॅबी, सिडनी
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, २०२१

चि. नंदूभावोजी यांस,

पद्मावहिनीचे अनेक आशीर्वाद. (वयाने तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, पण नात्याने थोरली मी, म्हणून आशीर्वाद माझ्याकडूनच तुमच्याकडे यायचे. तक्रार असल्यास आईंकडे करावी, त्या शेजारच्याच खोलीत आहेत.) आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं, हे ऐकून फार बरं वाटलं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे तुम्ही केर कसा काढता तेही दिसतं, असं त्या परवा फोनवर म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीबद्दल आनंद आणि तुमच्याबद्दल सहानुभूती, दोन्ही या पत्री नोंदवते. आम्ही इकडे खुशाल आहोत. लॉकडाऊन उठला. न्हाव्याची दुकानं उघडली आणि तुमचे बंधू पुन्हा गृहस्थाश्रमात आले, मधले काही महिने ते वानप्रस्थात दिसत होते.

हे पत्र हाताने लिहून, पानांचे फोटो काढून ईमेलने पाठवते आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी काही टाइप करू लागले की संजीव खांद्यावरून वाचतो. माझं हस्ताक्षर वाचायचा धीर मात्र त्याला लग्न ठरल्यापासून कधीच झालेला नाही, तेव्हा गुप्तता राखली जाईल.

आता विषयाकडे येते. जुलैत तुमचा निरोप आला, की परतीचं तिकीट दोनदा रद्द झालं, तिसऱ्यांदा काढायचं त्राण नाही, पुण्याच्या ऑफिसात कायमची जागा देतो म्हणतात, तेव्हा आता इकडेच राहीन म्हणतो. परसातल्या छोट्या ग्रॅनी फ्लॅटमधलं माझं सामान कुणाला तरी देऊन टाका आणि गाडी विका. तो निरोप संजीवने दोनदा वाचला, 'बरं' म्हणाला आणि भांडी घासायला गेला. भांडी मी आधीच घासून ठेवली होती. त्याने ती पुन्हा घासली.

मग हात पुसत बाहेर येऊन त्याने जाहीर केलं, की गाडी आहे तशी विकणं म्हणजे नंदूवर अन्याय. आधी इंजिनाची थोडी बेसिक अपग्रेड्स करून घेऊ. 'बेसिक' हा त्याचा शब्द. भावोजी, तुमच्या बंधूंचा यंत्रविद्येतला पूर्वेतिहास तुम्हाला ठाऊक आहे. प्रेशर कुकरच्या कानाचा स्क्रू त्याने एकदा आवळला होता, त्या पराक्रमाचं वर्णन पाहुण्यांना अजून ऐकावं लागतं. असा पुरुष आणि तुमची ती अर्धशतकापूर्वीची अमेरिकन गाडी, आठ सिलिंडर, डावीकडे स्टिअरिंगचं चाक, लांबी अशी की पुढचं टोक गॅरेजात पोचलं तरी मागचं अजून रस्त्यावरच्या घडामोडी पाहत असतं! मी विरोध केला नाही. बाहेर जायला बंदी होती, घरात भांडी तेवढीच होती.

पहिलं अपग्रेड कार्ब्युरेटरचं. तुमचा दोन तोंडांचा होता, त्याने चार तोंडांचा मागवला. (ब्रह्मदेवाचा आदर्श असावा.) तो अमेरिकेहून आला, तेव्हा त्याचं खोकं मी रिवाजाप्रमाणे व्हरांड्यात विलगीकरणात ठेवलं. संजीव रोज काचेतून त्याच्याकडे पाहायचा, हॉटेलात अडकलेल्या नातलगाकडे पाहावं तसं. विलगीकरण संपलं तेव्हा कळलं, की चार तोंडांचा कार्ब्युरेटर दोन तोंडांच्या बैठकीवर बसत नाही, म्हणून बैठकही नवी हवी. नवी बैठक लावायची तर जुने पाइप आड येतात. एका सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी अशी जी परंपरा मी कॉलेजात शिकले, तीच गॅरेजात चालू होती, फरक एवढाच की हिला तेलाचा वास येत होता. भाष्यकार मूळ ग्रंथ विकायच्या घाईत कधीच नसतो, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

यापुढच्या प्रकरणात अपराधी मी आहे. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून त्याने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, त्याबरोबर आठही प्लगच्या वायरी नव्या घातल्या. आता वायरी लावायच्या त्या ठिणगीच्या क्रमाने, आणि हा क्रम एक, दोन, तीन असा सरळ नसतो. एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन असा असतो. संजीवला तो पाठ होईना. मग मी त्याला आमच्या पाठशाळेतल्या पद्धतीने घोकायला लावलं. एक आठ, आठ एक, एक आठ. आठ चार, चार आठ, आठ चार. आठवडाभर या घरात पोळ्या त्या ठेक्यावर लाटल्या गेल्या. पाठ पक्का झाला. मग तो वायरींचा जुडगा हातात घेऊन जिथून आठही वायरी निघतात त्या गोल कॅपसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पद्मा, एकपासून सुरू करतो. पण कुठल्या दिशेने?"

मी पीठ मळत होते. मी म्हणाले, "प्रदक्षिणेच्या. दुसरी दिशा असते का?"

त्यालाही ते पटलं. आम्हा दोघांनाही पटलं. देवळाला, तुळशीला, पिंपळाला, अग्नीला आपण ज्या बाजूने फिरतो, त्याच बाजूने त्याने आठ वायरी भक्तिभावाने लावल्या आणि किल्ली फिरवली. जो बार झाला त्याने समोरच्या गमच्या झाडावरचे कोकाटू पोपट उडाले, ते शेजारच्या पेंडल हिलला जाऊनच उतरले असावेत. दुसऱ्या बाराला समोरच्या लताबाई मास्क लावून गेटपर्यंत आल्या. तिसऱ्याला पोलीस आले. त्यांना कुणीतरी गोळीबार कळवला होता. इंजिनाकडे पाहून त्यांचं समाधान झालं. मग घरात पाहुणे जमवलेत का, एवढंच विचारून, 'नो वरीज' म्हणून गेले. (पाहुणे! या घरात तुमच्यानंतर कोण आलंय?)

मग बरेच दिवस शोक झाला. शेवटी मीच म्हटलं, अनुमान पुरे, आता प्रत्यक्ष प्रमाण पाहू. कॅप काढली, संजीवने किल्ली फिरवली आणि मी टॉर्च धरून आत डोकावले. आतला फिरता तुकडा अगदी निवांतपणे उलट्या बाजूने फिरत होता. तुमच्या गाडीचं इंजिन अप्रदक्षिणा घालतं, भावोजी. हे तुम्हाला माहीत होतं का? आणि माहीत असून तुम्ही दर दसऱ्याला त्याच्यापुढे नारळ फोडत होतात?

वायरी उलट्या लावल्या. पुढच्या किल्लीला गाडी सुरू झाली. तो आवाज तुम्हाला ठाऊक आहे, मी वर्णन करत नाही. खिडकीतली भांडी त्या आवाजाने एका सुरात वाजू लागतात. संजीव खाली उतरून नाचेल असं मला वाटलं होतं. तो उतरला, वळसा घातला आणि उजवीकडच्या सीटवर जाऊन बसला. तिथे चाक नाही. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं की हा गृहस्थ गाडी चालवतोय, पण तुम्ही चालवत असताना तो बसायचा तीच ती जागा. इंजिन चालू, समोर गॅरेजची भिंत, आणि हे तिथे अर्धा तास बसून. मग त्यानंतर रोजच, 'इंजिन गरम करायला'. मी चहा तिथेच नेऊन द्यायचे.

त्यानंतर दसरा आला. सगळं सुरू झालं आहे तर पूजा यथासांग करू म्हटलं. भटजी झूमवर होते, पण त्यांचा आवाज तुटत होता, म्हणून मंत्र मीच म्हटले. झेंडूचे हार, कुंकवाचं बोट, चाकांखाली लिंबं. बॉनेट उघडं, कारण संजीवला नवा कार्ब्युरेटर देवाला दिसावा असं वाटत होतं. त्याच हौसेने त्याने वरचं एअर फिल्टरचं झाकणही काढून ठेवलं होतं. मी म्हटलं 'अक्षतान् समर्पयामि' आणि समर्पित केल्या. मूठभर. चार तोंडं वर उघडी होती. चारही तोंडांनी प्रसाद घेतला.

भुवया कोरायचा माझा चिमटा, संजीवच्या कपाळावरचा टॉर्च आणि अपार संयम यांच्या साहाय्याने आम्ही बरेच दाणे बाहेर काढले. सगळे निघाले का, हे सांगता येत नाही, कारण अक्षता मोजून कोणी वाहत नाही. तरी संध्याकाळी गाडी सुरू झाली. जरा खोकली, मग चालली. मागून मुरमुरे येतील या आशेने मी धुराड्याशी थोडा वेळ उभी होते.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. पेनरिथचा बॅरी, निवृत्त, पोटापर्यंत दाढी. त्याने गाडीभोवती फेरी घातली (हीही अप्रदक्षिणा, तेव्हाच मला वाटलं की गाडी याच्याच नशिबात आहे), टपावर हात फिरवला आणि म्हणाला, "शी'ज अ ब्यूटी, मेट." सांगितलेली किंमत त्याला मान्य होती. फक्त एकदा इंजिन ऐकायचं होतं. संजीव आत बसला, किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र. पुन्हा घर्र. काही नाही.

बॅरीने काय झालं असेल म्हणून विचारलं. तुमच्या सत्यवचनी बंधूंनी माझ्याकडे बोट करून सांगितलं, "माय वाइफ थ्रू राइस इन इट."

बॅरी माझ्याकडे वळला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "व्हाय?"

भावोजी, मी एम.ए.ला पूर्वमीमांसा घेतली होती. कर्मकांडाचं प्रयोजन या विषयावर मी तासभर बोलू शकते. त्या ड्राइव्ह-वेवर मी बॅरीला चहा घेणार का, एवढंच विचारलं. बॅरी सज्जन माणूस, दुरुस्त झाली की फोन करा म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून संजीव रोज संध्याकाळी गॅरेजात अक्षता शोधतो. एखादा दाणा हाती लागला तर मला आणून दाखवतो. मी मान खाली घालते. तात्पर्य, तुमची गाडी विकायला विलंब होतो आहे आणि त्याला सर्वस्वी मी कारण आहे. पुण्यातल्या नव्या जागेबद्दल अभिनंदन करायचं होतं, ते या गडबडीत राहून गेलं. आणखी थोडे दिवस राहिलं तरी चालेल ना? आईंना साष्टांग नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जावेत.

तुमची अपराधी वहिनी,
पद्मा

ता. क. वरचं लिहून झाल्यावर घडलेली गोष्ट. उद्यापासून संजीवचं पॅरामॅटाचं ऑफिस सुरू, म्हणून मी त्याची बॅग झटकायला घेतली. आत लॅपटॉपच्या चार्जरच्या वेटोळ्यात नीट गुंडाळलेली एक आखूड, जाड, काळी वायर सापडली. मॅन्युअल काढून पाहिलं. ही वायर म्हणजे कॉइलपासून त्या गोल कॅपच्या मध्यापर्यंत जाते ती. ती नसेल तर आठांपैकी एकाही सिलिंडरात ठिणगी पडत नाही. तांदूळ असोत वा नसोत. म्हणजे मी निर्दोष आहे, आणि बॅरी यायच्या आधी हा माणूस 'शेवटची नजर' टाकतो म्हणून गॅरेजात जाऊन आला होता, ती नजर म्हणजे हीच करामत. वायर होती तशी गुंडाळून मी परत ठेवली. विचारलं काही नाही. तो अजून रोज दाणे शोधतो आणि मला मोठ्या मनाने क्षमा करतो. तेवढं सुख त्याला असू दे.

ता. क. दुसरा. बॅरीचा काल पुन्हा फोन आला होता. संजीव आंघोळीला गेला होता, मी घेतला. गाडी विकायची नाही, मालक परत येतोय, असं सांगून टाकलं. हे संजीवला सांगितलेलं नाही. तुम्हालाही विचारलेलं नाही.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच. एक तारखेपासून सिडनीला उतरणाऱ्यांना विलगीकरण नाही. तुम्ही घेतलेली लस इथे मान्य आहे, मी तपासलं. आईंशीही परस्पर बोलले, त्या म्हणाल्या, "त्याला घेऊन जा गं, मला आता माझं माझं नीट दिसतंय. त्याने काढलेला केर मला पुन्हा काढावा लागतो." तुमचा ग्रॅनी फ्लॅट आहे तसाच आहे, सामान कुणालाही दिलेलं नाही. येणार असाल तर तारीख मला कळवा, बाकीचं मी बघते. येणार नसाल, तर मात्र ते संजीवला तुम्ही स्वतः फोन करून सांगा. ते माझ्याच्याने होणार नाही.