कळमेश्वरची दुपारची गाडी

१५ मे २०२५
रिकामी! कळमेश्वरकडे जाणारी दुपारची बस पार रिकामी. मी, कंडक्टर आणि मागच्या सीटवर पेंगणारी एक म्हातारी. डिझेल तेवढंच जळतं, धूर तेवढाच निघतो, पण वाटून घ्यायला माणसंच नाहीत. शहर बसच्या धुराचा हिशेब माझ्याकडे; सगळ्या फेऱ्यांत दर प्रवाशामागे सगळ्यात जास्त कार्बन हिचाच.

कॉलेजांना सुट्या आहेत, हे कळतं मला. आमच्या साहेबांना, मुकुंदसरांना म्हटलंही, जुलैत पुन्हा मोजू. ते म्हणाले, "पर्यावरण दिनाच्या आधी आकडा खाली दिसला पाहिजे मॅडम! जुलैचं जुलैत पाहू."
लिहून दिलं. ही फेरी बंद करा, आणि हिच्यासारख्या बाकीच्याही.

५ जून
सत्कार झाला. शाल, रोपटं, फोटो. शहर बसचा कार्बन एवढा घटला म्हणून टाळ्या! बसच कमी धावल्या तर धूर घटणारच. कोणी विचारलं नाही. मी हसत उभी राहिले.

२७ जून
गोपिकाताईचा फोन. माझी मावसबहीण, कळमेश्वरच्या पुढे तिचं गाव. तिची मुलगी भूमिका नागपुरात बी.एस्सी.ला, दुसरं वर्ष. कॉलेज सुटलं की त्याच गाडीनं घरी जायची!
"गाडी काहून बंद केली वं? तू तं बसच्याच कामात हायेस. बोलून पाह्य ना कोणाले. हे म्हणून राहिले, पोरगी कोणाच्याही टेम्पोत बसून येणार नाही. राहू दे घरीच."
"पाहते," म्हटलं. पाहते! जीभ तरी कशी रेटली माझी.

१० जुलै
कळमेश्वरच्या फाट्यावर उभी राहून मोजलं. माणसं कोंबलेले टेम्पो, मोटरसायकलवर तिघं तिघं. बसचा वाचवलेला धूर इथे निघतोय, वर जास्तच. आमच्या आकड्यात हे येतच नाही — आम्ही फक्त बस मोजतो.

मग ताईकडे गेले. भूमिकानं चहा केला. "मावशी, होईन का वं सुरू? प्रॅक्टिकल बुडून राहिले माझे." ताई माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला सांगत होती, "आमची नंदिनी करते बरोबर."
खरं सांगायला गेले होते. चहा पिऊन आले.

२२ जुलै
बैठकीत उभी राहिले. म्हटलं, सुट्यांमध्ये मोजलं, चुकीचं मोजलं, आणि मोजणारी मी. मुकुंदसर म्हणाले, "शाल घेताना नाही आठवलं?"
सर काय चुकीचं बोलले?
फेरी पुन्हा सुरू करायचं ठरलं. इलेक्ट्रिक बस मिळाली की.

ताईला अजून सांगितलेलं नाही.

१८ ऑगस्ट
बस सुरू! गावात हार घातला, नारळ फोडला. ताईनं फोन एकेकीच्या कानाला लावला — "नंदिनीनं आणली गाडी!" मी नाही नाही म्हणत राहिले. त्यांना वाटलं, किती नम्र पोरगी. "बंदही मीच केली" — एवढंच तर म्हणायचं होतं. गिळलं.

३१ ऑगस्ट
ताईचा फोन. भूमिकाचं लग्न जमलं.
"घरी बसून बसून काय करन वं? इतके प्रॅक्टिकल बुडाले, आता गाडी आली तरी कॉलेज तं सुटलंच. आज पाहुणे येऊन पसंत करून गेले. तुह्याच गाडीनं आले!"