सात वेळा पाहिलेला चित्रपट

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.
दुकान उघडलं. चष्म्याला अजून गिऱ्हाईक नाही. कालच्या फिल्म क्लबच्या मीटिंगमध्ये मी, सेक्रेटरी या नात्याने, सोळा तारखेसाठी 'तो' चित्रपट जाहीर केला. नदीवरचा पूल राखणारा म्हातारा, घर सोडून गेलेली त्याची मुलगी. ब्लॅक अँड व्हाइट. तीन तास दहा मिनिटं. थोर.
क्लबचं प्रोजेक्टर मशीन चालवणाऱ्याने विचारलं, तुम्ही किती वेळा पाहिलाय? तोंडातून 'सात' निघून गेलं. प्रत्यक्षात एकदा, एकोणीस वर्षांपूर्वी. पण असा चित्रपट एकदा पाहिला तरी सात वेळा पाहिल्यासारखाच असतो. त्यामुळे हे खोटं धरता येणार नाही.
संकल्प: सोळाच्या आत पुन्हा पाहणे. नोट्स काढणे.

बुधवार, ५ मार्च.
दुपारी जेवून लावला. म्हातारा मुलीच्या लहानपणीच्या बुटांना पॉलिश करतो. आठ मिनिटं. एक शब्द नाही. काय ताकद! अकराव्या मिनिटाला लॅपटॉप मिटला. एवढी ताकद सोसायला मन ताजं हवं.
बायको म्हणाली, "अहो, आवडता चित्रपट ना तुमचा? मग दाढ काढायला बसल्यासारखा चेहरा का?" तिला सिनेमातलं कळत नाही.

शुक्रवार, ७ मार्च.
बाई दुकानात आल्या. मला शाळेत भूगोल शिकवायच्या. आता क्लबच्या मेंबर. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, आमचे सर, गेले. त्यांच्या आजारपणात मुलगी आली नाही. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद.
म्हणाल्या, "अरे, तो चित्रपट आम्ही अर्ध्यावर सोडला होता. ह्यांना बघवेना. शेवट कसा आहे रे? वाईट असेल तर मी येत नाही बाबा."
शेवट? खरं लिहायचं तर शेवटची वीस मिनिटं मी थिएटरबाहेर सिगरेट ओढत उभा होतो. मलाही बघवेना. पण सात वेळा पाहिलेल्या माणसाने 'माहीत नाही' कसं म्हणायचं? म्हणालो, "मुलगी परत येते, बाई. म्हातारा दार उघडतो."
बाईंनी चष्मा काढून पुसला. कालच नवीन काच बसवून दिलीय, धूळ असायचं कारण नाही.
बरं वाटलं. शेवट असाच असणार.

मंगळवार, ११ मार्च.
बाईंचा फोन. चार वर्षांत पहिल्यांदा मुलीला फोन केला म्हणे. असा असा चित्रपट आहे, शेवटी सगळं नीट होतं, ये, दोघी मिळून बघू. ती येतेय. "तुझ्यामुळे रे."
मी म्हणालो, माझं काय त्यात. आठवड्यातलं हे एकच वाक्य खरं बोललो.
संकल्प: शेवट आजच पाहणे.
दुपारी ३. फ्रेमचं पार्सल आलं. राहिलं.

शनिवार, १५ मार्च. सकाळी.
पाहिला. फक्त शेवटची वीस मिनिटं.
मुलगी परत येते. इथवर माझं बरोबर. दार तिलाच उघडावं लागतं. आत कोणी नाही. म्हातारा तीन आठवड्यांपूर्वीच गेलाय. कोपऱ्यात ते चकचकीत बूट. ती पाय घालून बघते. जात नाहीत.
वडिलांना शेवटचं न भेटलेल्या मुलीला मी हे बघायला बोलावलंय.
संकल्प: बाईंना आत्ताच्या आत्ता खरं सांगणे.
११.३०. फोन लावला. मुलीने उचलला. "आई आंघोळीला गेलीय. तुम्हीच ना ते चित्रपटवाले? सकाळपासून तुमचंच चाललंय."
मी म्हणालो, खुर्च्या लवकर भरतात, वेळेवर या.

रविवार, १६ मार्च. संध्याकाळी ७.
सतरा जण आले. इंटर्व्हलनंतर नऊ उरले. मायलेकी जागच्या हलल्या नाहीत. पॉलिशच्या प्रसंगात बाईंनी मुलीचा हात धरला तो सोडलाच नाही.
वीस मिनिटं राहिली असताना मी मशीनची वायर पायाने ओढली. पडदा काळा. 'तांत्रिक बिघाड' जाहीर केला. मशीनवाल्याने आधी प्लग पाहिला, मग माझा पाय. बाकीच्या सात जणांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. शाळा सुटल्यासारख्या.
त्या दोघींना मी शेवट तोंडी सांगितला. माझा. मुलगी माझ्याकडे एकटक बघत होती.
एकंदरीत कार्यक्रम पार पडला.

मंगळवार, १८ मार्च.
बाई आल्या. काउंटरला टेकून हळू म्हणाल्या, "तिने पाहिलाय रे तो. ह्यांच्या मागे, त्याच वर्षी, एकटीने. शेवट तिला माहीत होता. परत कधी बघायचा नाही असं ठरवलं होतं तिने. तरी आली."
मी हातातल्या फ्रेमची दांडी उघडत-मिटत राहिलो. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. शाळेत दोन शब्द बोलायच्या आणि विषय संपायचा.
"का आलीस विचारलं, तर म्हणाली, तू बोलावलंस म्हणून. आता राहिलेला शेवट दोघींनी बघायचाय. रविवारी चारला, घरी. तू पण ये. आम्हा दोघींना धीर नाही होत. आणि तूही कुठे पाहिलायस!"
मान वर करता आली नाही. म्हणालो, "येतो, बाई. नक्की."
संकल्प: जाणे. शेवटपर्यंत बसणे. नंतर माफी मागणे. (की आधी? आधीच बरी.)

रविवार, २३ मार्च. दुपारी ३.
इस्त्रीचा शर्ट घातला. बायको म्हणाली, मी येऊ का सोबत? म्हणालो, हे माझं मलाच करायला हवं. तिने कॉलर नीट करून दिली. निघालो.

४.१०.
दुकानात आहे. रविवारी दुकान बंद असतं. शटर आतून ओढून घेतलंय. कपाटातल्या फ्रेम पुसायला काढल्या. कधीपासून करायचं राहिलं होतं.
फोन दोनदा वाजला. बाईंचा. तिसऱ्यांदा वाजला की उचलणार.

४.३५.
वाजला नाही. आत्तापर्यंत संपला असेल.