बुट्टा चौकातली ज्ञानज्योत

११ ऑगस्ट, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. नियमित. कुणी वाचावी म्हणून नाही, माझे विचार वाया जाऊ नयेत म्हणून.

बातमी पक्की आहे. सप्टेंबरात युवक महोत्सवाला राज्यभरातली पोरं नांदेडला येणार. त्यांना शहर दाखवायला बस निघणार. काय काय दाखवायचं, ती यादी शहर सौंदर्य समिती करणार. समितीचा सचिव कोण, तर वैजनाथ. माझा विद्यार्थी. एलिमेंटरी ड्रॉइंगला दोनदा नापास. फुलदाणी काढली की कळशी व्हायची. तो आता शहराचं सौंदर्य ठरवतोय.

यादीत माझी 'ज्ञानज्योत' येणार हे उघड आहे. विद्यापीठाच्या रस्त्यावर, चौकात, एकोणीस वर्षांपूर्वी मी स्वतः उभं केलेलं शिल्प. अकरा फूट, सिमेंट. पिवळी ज्योत, तिच्या अंगावर ओळीनं बसवलेल्या चारशे गोल ठिणग्या, आणि दोन्ही बाजूंनी ज्योतीला आडोसा देणारे दोन हात. हात हिरवे आहेत, कारण त्या वर्षी शाळेच्या फळ्याचा रंग उरला होता. कलावंतानं परिस्थितीतून मार्ग काढायचा असतो.

एकतीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो. फळ्यावर काढलेलं सगळं पुढच्या तासाला पुसलं गेलं. ही एकच वस्तू उभी आहे. ती बघून कुणीतरी विचारावं, कुणाची आहे, आणि रामलिंग सरांची असं उत्तर मिळावं. एवढंच. जास्त अपेक्षा नाहीत.

१२ ऑगस्ट
ऑटो करून प्रतिस्पर्धी पाहून आलो. गुरुद्वारा आणि घाट सोडले. त्यांना माझ्या मताची गरज नाही.

पहिल्या चौकात डॉल्फिन. जोडीनं. समुद्र इथून पाचशे किलोमीटर. पुढं भंगारातून केलेलं हरीण. भंगार चांगल्या प्रतीचं होतं. मग भिंतीवरची चित्रं. बैलगाडीचे बैल हसतायत. मी अहमदपूरकडच्या शेतकऱ्याच्या घरचा आहे, बैल हसत नाही. शेवटी सेल्फी पॉइंट. लाल बदाम, त्याचे अर्धेच दिवे लागतात. एक जोडपं तरीही फोटो काढत होतं. लोकांना काहीही चालतं.

परत येताना ऑटोवाल्याला 'ज्ञानज्योत चौक' सांगितलं. त्याला माहीत नाही! दोन चकरा मारल्यावर शिल्प दिसलं, तर कपाळावर हात मारून म्हणाला, "तो बुट्टा चौक बोलो ना, चाचा." बुट्टा, म्हणजे मक्याचं कणीस! बाहेरगावचा असावा. चौकशी केली. आजोबांपासून इथल्याच इतवारा भागात राहतो. अपवाद.

१४ ऑगस्ट
बायकोला सहज विचारलं. अयोध्या आधी भाजी वाढू का म्हणाली. नंतर म्हणाली, "आवो, समदं नांदेड बुट्टाच म्हनून राहिलंय. तुम्हाला सांगावं कुनी?" तिच्या बहिणीला आपल्या घराचा पत्तासुद्धा तिनं तसाच दिलाय. बुट्ट्यापासून डावीकडं.

एकोणीस वर्षं माहीत होतं तिला. वाईट वाटलं. रोजनिशी खरी असावी म्हणून लिहितो: फार वाईट वाटलं.

१५ ऑगस्ट, झेंडावंदनानंतर
शांतपणे विचार केला. दोष शिल्पात नाही, बघणाऱ्यात आहे. ज्यांना ज्योत आणि मका यातला फरक कळत नाही, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची? संकल्प:
एक, नामफलक पुन्हा दिसता करणे.
दोन, ज्योतीचं टोक लाल करणे. मक्याला लाल टोक नसतं. विषय संपला.

१८ ऑगस्ट
नामफलकावर कोचिंग क्लासची पोस्टर्स आहेत. बादली आणि खरवडणी घेऊन गेलो. वर 'नीटची गॅरंटी'. त्याच्या खाली 'लातूर पॅटर्न आता नांदेडात'. त्याखाली एका नेत्याचा वाढदिवस. त्याखाली स्क्रूची चार भोकं.

फलक पितळी होता. चोराला कलेची जाण होती म्हणायचं.

२१ ऑगस्ट, लातूर
भाच्याकडं साखरपुडा. वेळ होता म्हणून गंजगोलाईची बाजारपेठ बघून आलो. गोल आहे. गोलाईच म्हणतात. लातूरकरांनी स्वतःला त्रास करून घेतला नाही.

भाचा सत्यम उत्साहानं म्हणाला, "मामा, तुमच्या बुट्ट्याचा फोटो लई व्हायरल हाय." साखरपुड्यात वाद नको म्हणून श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं नाही. त्याला कळलं असेल.

२४ ऑगस्ट
टोक रंगवलं. स्वतः शिडीवर चढून. वय वर्षं सदुसष्ट. सिंदुरी लाल, दोन हात दिले. रंग ओघळून ठिणग्यांच्या फटींतून खाली आला, त्यामुळं ज्योतीला अनपेक्षित जिवंतपणा आला आहे. आता आंधळ्यालाही ज्योत दिसेल.

२५ ऑगस्ट, सकाळी ९
वैजनाथचा फोन. "सर, तिखट लावलं का? आता तर तोंडाला पाणी सुटून राहिलंय."
फोन कट केला. नेटवर्क गेलं असं त्याला वाटावं.

२९ ऑगस्ट
शिल्पाच्या पायाशी बुट्ट्याची गाडी लागली आहे. बाई देगलूरकडची, पार्वतम्मा. शेगडी, पोतं, लिंबं, सगळा संसार. मी स्पष्ट शब्दांत समजावलं की हे कलास्थळ आहे, गाडी हलवा. ती म्हणाली, "अय्यो सर, म्या उगंच आले का? एवढा मोठा बोर्ड लावलाय नव्हं!"
कोणता बोर्ड, असं विचारलं. तिनं वर बोट दाखवलं.

उद्या लेखी तक्रार.

३० ऑगस्ट
पाठ धरली आहे. शिडीमुळं. तक्रार सोमवारी.

९ सप्टेंबर
यादी लागली!! ज्ञानज्योत सातव्या क्रमांकावर. डॉल्फिन आहेत, पण हरीण नाही. वैजनाथला मी उगाच कमी लेखलं. फुलदाणी वाईट काढायचा, नजर होती.

छापलेला कागद अयोध्यानं वाचला: 'क्र. ७. बुट्टा चौक. २० मिनिटे.' नावाकडं मी दुर्लक्ष करायचं ठरवलं आहे, कारण मिनिटं बघा. डॉल्फिनला पाच. घाटाला पंधरा. ज्ञानज्योतीला वीस! अयोध्या म्हणाली, "वीस मिनिटं कशाला लागतेत, तेवढं इचारा वैजनाथला." बायकांना सरळ आनंद घेता येत नाही.

तक्रार करायचं रद्द. मोठ्या मनानं.

१३ सप्टेंबर
भाषण तयार. 'सिमेंटमधील स्फुल्लिंग.' घड्याळ लावून वाचलं, एकोणीस मिनिटं. एक मिनिट टाळ्यांना. अयोध्याला ऐकवलं. ती मध्येच शेजारी दही द्यायला गेली.

१९ सप्टेंबर
आवाज जपतोय. तेलकट बंद, हळद-दूध चालू. उद्या सकाळी काही खाणार नाही. भरल्या पोटी बोलताना दम लागतो.

२० सप्टेंबर, दुपारी ३
बस सव्वादहाला येणार होती. मी साडेनऊला हजर, नेहरू शर्टात. अकरा वाजले. बारा वाजले. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. पार्वतम्मानं हाक मारली, "सर, आधी खाऊन घ्या. पडताल हितंच." दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा घेतला. मोठा घास घेतला आणि बस आली.

बेचाळीस पोरं उतरली आणि सरळ गाडीकडं गेली. वैजनाथ दारातून ओरडला, "नाष्ट्याला वीस मिनिटं हायत, ज्यानं त्यानं खाऊन घ्या!"

एक मुलगी मात्र गेली नाही. हातात वही-पेन. मान वर करून शिल्प बघत होती, खालपासून टोकापर्यंत, नीट. हिरव्या हातांकडं तर बराच वेळ. मग आमच्याकडं वळून विचारलं, "हे कुणी बनवलंय?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. तोंड दाण्यांनी भरलेलं. घाईनं गिळायला गेलो आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. हात वर केला, छातीवर ठेवला. ती घाबरली, तिनं पाण्याची बाटली दिली.

पार्वतम्मा शेगडीवरून मान न उचलता म्हणाली, "म्याच बनवते ताई. समदे म्याच."

मुलीनं कौतुकानं तिच्याकडं बघितलं, नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. 'म्मा'ला दोन म लागतात का, तेही विचारलं.