आपल्याच जानकीनं रद्द केलेली बास्केट

ती. भाऊंना घाटकोपरहून मेहुणा लवू याचा उताणा नमस्कार. (साष्टांग घालायचा तर पालथं व्हावं लागतं, आणि डॉक्टरांनी सध्या कूससुद्धा विचारून बदला म्हणून सांगितलंय.) वहिनींचा गुडघा कसा आहे, काजूला मोहोर धरला का, माकडांनी यंदा आपल्यासाठी काही ठेवलंय का, सगळं सविस्तर कळवा. आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. यापेक्षा जास्त खात्रीनं आज काही सांगवत नाही. फोनच केला असता, पण वन रूम किचनमध्ये फोनवर बोलणं म्हणजे देवळात कीर्तन करणं, आणि विषय तुमच्या बहिणीचा आहे.

जानकी शाळेत बास्केटबॉल खेळायची हे तुम्हाला माहीतच आहे. लग्नानंतर ते सुटलं. (मी सोडवलं नाही. घरात उडी मारायला जागा नव्हती, एवढंच.) मग मुलगा नोकरीला बंगलोरला गेला आणि हिनं गुपचूप रेफरीची परीक्षा दिली. पासही झाली. मला वाटलं, वरच्या अनुपमाताई केक शिकतात, तसं हे. चार दिवसांचा नाद. पण भाऊ, बाई रविवारी सकाळी पांढरे बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून निघायला लागली आणि चहा मी करायला लागलो.

आता श्रुतिकाबद्दल. ही तळमजल्यावरच्या नंदूची मुलगी. नंदू म्हणजे तोच, जो तुम्ही आलात तेव्हा सोफा एका हातानं वर घेऊन आला होता. या पोरीला लहानपणापासून जानकीनंच शिकवलं, आमच्या कंपाउंडात, टाकीच्या पाइपाला बूड कापलेली बादली बांधून. आज ती आपल्या कॉलेजच्या टीमची कॅप्टन आहे. टीम फायनलला गेली. फायनल मुलुंडला, मुलुंडच्याच कॉलेजबरोबर, आणि युनिव्हर्सिटीची निवड करणारी माणसं बघायला येणार. अशात नेमलेल्या रेफरीला कावीळ झाली आणि त्याच्या जागी जानकीचं नाव आलं. शेजारच्या पोरीची मॅच आहे, हे तिनं नेमणूक करणाऱ्यांना कळवलं होतं. ते म्हणाले, मुंबईत कोण कोणाचा शेजारी नसतो, या.

बिल्डिंगमध्ये दिवाळी झाली. आमचे चेअरमन धोंडिरामकाका म्हणाले की पोरगी आपली, रेफरी आपली, आता फक्त कप ठेवायला कपाट बघा. मीही हसलो. जानकी मात्र त्या दिवशी नेहमीसारखी एकटीच पुढे निघून गेली, आणि कोर्टवर आम्ही हात हलवले तेव्हा आम्ही म्हणजे खिडकीची काच असल्यासारखी आमच्यातून आरपार बघत राहिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मॅच शेवटापर्यंत अटीतटीची. आपण एका पॉइंटनं मागे, घड्याळ संपत आलेलं, बॉल श्रुतिकाच्या हातात. पोरगी अशी सुटली की माझ्या अंगावर काटा आला. समोर मुलुंडची एक उंच मुलगी उभी होती. धडक झाली, ती मुलगी मागे फेकली गेली, बॉल आत पडला, आमची सगळी बिल्डिंग हवेत. आणि शिट्टी वाजली. जानकीनं मूठ तळहातावर आपटली आणि हात आडवे हलवले. म्हणजे जागेवर स्थिर उभ्या मुलीवर जाऊन आदळल्याचा फाउल आपल्या पोरीचा, बास्केट रद्द. भाऊ, मी हवेत होतो तो तसाच राहिलो असं मला अजून वाटतं. तीस वर्षं ज्या बाईनं भाजीवाल्याला कोथिंबीर परत करताना आवाज चढवला नाही, तिनं भर मुलुंडमध्ये आमची वाट लावली. आणि मी (इथे माझा स्वतःवर ताबा नव्हता) उभा राहून ओरडलो की या बाईला कोणीतरी चष्मा द्या. नेमकं तेव्हाच सगळं मैदान गप्प होतं.

मॅच त्याच एका पॉइंटनं गेली. परतताना टेम्पोत कोणी बोललं नाही. बोलणं सुरू झालं ते कंपाउंडात, आणि ते मग आठवडाभर थांबलं नाही. अनुपमाताईंनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. ते इतक्या वेळा मागेपुढे केलं की शेवटी श्रुतिका उलटी धावत घरी जाईल असं वाटायला लागलं. एकाला मुलुंडची पोरगी सरकताना दिसायची, दुसऱ्याला दगडासारखी उभी. धोंडिरामकाकांना तर ती मुद्दाम पडताना दिसली, आणि हे त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असताना सांगितलं. नंदू कंपाउंडात आम्ही दिसलो की मान वळवायचा. श्रुतिका दोन दिवस घराबाहेर पडलीच नाही. मी कोणाच्या बाजूनं होतो विचाराल, तर खाली बिल्डिंगच्या आणि वर आल्यावर जेवणाच्या.

जानकीनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती भाकऱ्या करायची, ताट वाढायची आणि गप्प. एकदाच म्हणाली, "मला जे दिसलं ते मी दिलं. माझीच पोरगी आहे म्हणून मला दुसरं काही दिसायला हवं होतं का?" त्यावर मी आमटी छान झालीय म्हणालो. दुसऱ्या दिवशी पांढरे बूट धुऊन, पेपरात गुंडाळून माळ्यावर गेले.

रविवारी सकाळी धोंडिरामकाकांनी ठरवलं की वाद प्रत्यक्ष करूनच मिटवायचा. नंदूनं श्रुतिका व्हायचं, आणि मुलुंडची मुलगी व्हायला कोणी तयार होईना म्हणून मी. (उंच म्हणून मला निवडलं असं काका म्हणाले. मी नंदूच्या खांद्याला लागतो.) मला बादलीखाली उभं केलं, छातीवर हात ठेवायला सांगितले आणि हलू नको म्हणून बजावलं. मी हललो नाही. नंदू गेटपासून निघाला. सुरुवातीला तो हसत होता, पण मध्यावर त्याला बहुतेक पूर्ण मॅच आठवली. भाऊ, पुढचं मला नीट आठवत नाही. आभाळ दिसलं, बादली दिसली, पाठीखाली चेअरमनसाहेबांच्या स्कूटरचं पायडल होतं, आणि माझ्या तोंडून, माझ्याही नकळत, सगळ्या कंपाउंडाला ऐकू जाईल असा शब्द निघाला, फाउल.

कोणी हसलं नाही. नंदू माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे, आणि दोघांनाही एकदमच कळलं की मुलुंडच्या त्या पोरीला काय वाटलं असेल. मग जिन्याकडे पावलं वाजली. मला वाटलं जानकी. निघाली ती तळमजल्यावरून आलेली श्रुतिका. माझ्याकडे न बघता थेट वर आमच्या दारात गेली, आणि खाली आडवा असूनही मला तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"काकी, ती हलली नव्हती. मला थांबता आलं असतं, मी थांबले नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

जानकी म्हणाली, "सांगायला आठवडा लागला तुला?" पोरगी रडायला लागली. जानकीनं तिला आत घेतलं, आणि दोघींसाठी चहा ठेवला. (तिसरा खाली पडलाय याची आठवण नंतर अनुपमाताईंनी करून दिली.) मला वर नंदूनं आणलं, त्या सोफ्यासारखंच, आणि पहिल्यांदाच उंबऱ्यात उभा राहून जानकीला माफ कर वहिनी म्हणाला. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये श्रुतिका घेतली गेली नाही, राखीवमध्ये आहे. ती सकाळी कंपाउंडात येते, जानकी बूट घालून उतरते, आणि मी पलंगावरून फक्त बॉलचा आवाज ऐकतो. बायको माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. ते मला कबूल आहे. रेफरीचा निर्णय निमूट मानावा हे मी पाठीच्या मणक्यातून शिकलोय आणि इथून पुढे आमची अख्खी बिल्डिंग सचोटीनं वागणार आहे.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, माकडांना काही नाही.

तुमचा,
लवू

ता. क. पुढच्या महिन्यात मुलुंडच्या एका सोसायटीबरोबर आमच्या बिल्डिंगची पुरुषांची मॅच ठरली आहे. नंदूनंच आव्हान देऊन ठेवलं. आमच्याकडे नंदू सोडला तर उडी मारू शकणारं कोणी नाही. तुमचा देवेश दाराच्या चौकटीला डोकं आपटतो एवढा उंच आहे. त्याला पाठवा. तो आमच्या पोटमाळ्यावर भाड्यानं राहतो असं धोंडिरामकाका लिहून द्यायला तयार आहेत.

ता. क. २. रेफरी जानकीच आहे. तेव्हा देवेशला सांगा, कोर्टवर तिला आत्या म्हणू नकोस, मॅडम म्हण, आणि जमल्यास मिशी वाढवून ये.

ता. क. ३. भाऊ, ह्यांना उठता येत नाही म्हणून पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं. देवेशला जरूर पाठव, पण जेवायला. मिशी नको. — जानकी