अब्दुलचाचांच्या चिलाप्या

रोहा

प्रिय रिझवाना,

तुझा भाऊ तमीम परवा तुमच्या कुवेतला परत निघतोय. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी पापड, सुकट आणि हे पत्र. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मला पुढचं बोलवणार नाही. शिवाय दमलेय गो फार. वनरक्षक झाले तेव्हा तू म्हणाली होतीस, झाडाखाली बसून पगार घेशील. ये, बस एकदा माझ्या जागी! वणवे विझवा, पर्यटकांच्या बाटल्या उचला. घरी आल्यावर बूट काढायचाही कंटाळा येतो.

तुमच्या गडबच्या घरामागचं तळं आठवतं ना? शाळेतून आलो की आपण माशांना भाताची शितं टाकायचो आणि चिलाप्या थेट हातापर्यंत यायच्या. रस्त्याच्या कामात ते तळं बुजवायचं ठरलं, तेव्हा तुझं नुकतंच लग्न झालं होतं. तुझ्या अब्बांनी त्या विकल्या नाहीत, खाल्ल्या नाहीत. पिंपात घालून टेम्पोने आमच्या अभयारण्यातल्या तलावात नेऊन सोडल्या आणि मग मला सांगायला आले. "गो अनिता, जंगलात मारायला बंदी हाय ना? मंग माझी मासली तितंच सुखात ऱ्हाईल." मलाही तेव्हा चाचांचं केवढं कौतुक वाटलं होतं.

सुखात राहिली खरी. इतकी, की तलावात दुसरं काही उरेनासं झालंय. चिलापी वाढतेही भराभर आणि इतर माशांची अंडी-पिल्लंही फस्त करते. आमचे मळ्ये, खवली हे मूळचे मासे, पाण्यात पाय सोडला की गुदगुल्या करणाऱ्या त्या इवल्या कोळंब्या आता शोधाव्या लागतात. आणि अभयारण्य म्हणून चिलापीला पकडायलाही बंदी! बिबट्या दिसला की गाड्या धावतात, पाण्याखाली काय मरतंय ते बघायला कुणी वाकत नाही. मी अर्ज करत राहिले. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथे दोन उन्हाळे गेले. आता परवानगी आलीय, पाणीही आटलंय. उद्यापासून सगळ्या चिलाप्या काढायच्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण होत नाही.

कारण अब्बांना येणारा तुझा दर शुक्रवारचा फोन. पहिला प्रश्न मासळीचा. मग चाचा मला विचारणार आणि मी म्हणणार, मजेत आहे. तुझी अम्मी गेल्यापासून तुम्हा दोघांना बोलायला तेवढाच एक सोपा विषय उरलाय, हे मला कळत नाही का? त्यांना सांगायला गेले ती दारातूनच परत फिरले. दुसऱ्या खेपेला कसंबसं सांगितलं.

चाचा तसेच उठले. मग माळ्यावरचा जुना पाग काढला, धरमतरच्या खाडीत टाकायचे तोच. तमीमला जाळ्याची भोकं शिवायला बसवलं. "मीच सोरली, मीच काढीन. दुसऱ्याचा हात नको." गुडघे साथ देत नाहीत, पण ऐकतील तर शपथ. उद्या मी त्यांना धरून पाण्यात उभी राहणार आहे.

तुला कळवायचं माझ्यावर सोपवलंय. म्हणाले, "पोरीला तू सांग, माझ्याच्यानं व्हायचं नाय." म्हणून हे पत्र. गुरुवारी तुझ्या हातात पडेल, रडायचं ते त्याच दिवशी रडून घे. शुक्रवारी अब्बांना गुडघ्याचं विचार, जेवणाचं विचार, हवं तर माझ्या चुगल्या कर. मासळीचं मात्र विचारू नकोस गो.

तुझीच, थकलेली,
अनिता